ठकी खाईना

— न्हाय वो डॉक्टर, म्हातारी झालीया म्हनून खाईना, असं मला सांगू नगा. येवडं ऐकायला मला सरकारी दवाखान्याची पायरी चढायची काय गरज हुती? शेजारची गुणाबाई बी हेच सांगती, वर चा पिऊन जाती. म्हातारी मीबी हाय की. मी खाते न्हवं? दात हालत्यात, तरी भाकरी आमटीत कुस्करून खाते. मग हिलाच काय धाड भरलीया? चवदा वर्सांची मांजरी हाय ही, ठकी — व्हय, चवदा, मोजून सांगते. आमच्या मालकांनी तंबाखूच्या वखारीतनं आनली तवा माझा मायाप्पा चौथीत हुता, आनि आता त्यो शाळंत मास्तर हाय, लगीन झालं, नऊ म्हैन्यांची पोरगी हाय त्येला. म्हंजे झाली न्हवं चवदा? धरा की तिला नीट, चावत न्हाय ती. चावायची ताकदच न्हाय ऱ्हायली आता, तीच तर तक्रार घिऊन आलीया मी. तुमी आधी ऐकून घ्या, मग लिवा काय लिवायचं ते.

हात फिरवा पाटीवरनं — लागली का हाडं? दिवाळीला हीच मांजरी तीन किलो भरलती. कुटं म्हंजे? बिडीच्या कारखान्यात. आमी घरी बिड्या वळतो न्हवं, सुपात पान-तंबाखू घिऊन, आनि वळल्याल्या बिड्या तितं द्यायच्या, नवा तंबाखू जोखून घ्यायचा. तितला चेकर लई खवचट मानूस, रोज माझ्या बिड्यांत खोट काढतो — ही ढिल्ली, हिचं तोंड उगडं, काढ भाईर. पर मांजराचं त्येलाबी कौतुक. दिवाळीच्या टायमाला म्हनाला, सुलाक्का, बगूया तरी तुजी ठकी किती भरती. एका पारड्यात वजनं, एका पारड्यात ही, शेपूट भाईर लोंबतंय, आनि साऱ्या बाया हसत्यात. परवा परत घातली तर दोन किलोचं माप हालंना. त्या दिशी माझी एक बिडी बी बाद केली न्हाय त्येनं. त्येनं धा बिड्या फेकल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काय काय घालून बगितलं ते इचारा. दूध घातलं — वास घेती, तोंड फिरवती. सुकट भाजून कुटून घातली. अंड्याचा बलक घातला, त्यो गुणाबाईच्या कोंबडीनं खाल्ला, म्हंजे तिचंच अंडं तिलाच परत. ऐतवारी मटनाचा खिमा आनला, मी स्वता उपास काढून तिच्या म्होरं ठेवला, तर बया त्येच्याकडं बगत बसली आनि लाळ गाळाय लागली. भूक लागल्यावानी लाळ, पर तोंड लावंना. म्हनून मांडीवर घितली, जबडा उगडला, बोटानं आत सारलं. घडीभरानं सगळं भाईर, फेसासकट. आनि थरथरती वो. हिवाळ्यात समजू शकते, ह्या चैताच्या उन्हात कसलं थरथरायचं? म्हनून म्हनते, म्हातारपन न्हाय हे. हिच्या पोटात कुनीतरी कायतरी घातलंय.

कुनीतरी काय, मला ठावं हाय कुनी घातलंय ते. मला फकस्त तुमचा कागद पायजे. सरकारी शिक्क्याचा, मराठीत न्हायतर कन्नडात, कसाबी लिवा — ह्या मांजराला विष घातल्यालं हाय, असा. मला वाचता येत न्हाय, मायाप्पाला दावायचाय. माझं खरं वाटत न्हाय त्येला. त्येला वाटतं आई म्हातारचळानं बोलती, सुनंच्या मागं लागती. कागदावर आलं की वाटंल खरं. मास्तर मानूस, लिवल्यालं सोडून कशावर इश्वास न्हाय. सून घरातनं गेली त्येला आज दीड म्हैना झाला, तवापास्नं माझ्याशी धड बोलत न्हाय त्यो. जेवतो, ताट इसळतो, सायकल काडतो, चालला शाळंला. आईनंच ईख घातल्यावानी वागवतोय मला, आनि ईख घातलंय भलतीनंच.

सून म्हंजे शेवंता, जांबोटीची. जांबोटी ठावं हाय का तुमास्नी? तुमी धारवाडकडचं म्हना, तुमास्नी कसं ठावं असनार. खानापूरच्या वर, रानात. आठ-आठ दिस पावसात छपरं गळत्यात, दिसातनं एक-दोन गाड्या, त्याबी आल्या तर आल्या. त्येंच्यात मांजर गोठ्यात ऱ्हातंय, म्हसरांच्या पायात, उंदीर धरून खातंय. घरात मांजर वाकळंवर निजतंय हे बगून ह्या बयेचं डोळं पांढरं झालं. आल्या दिसापास्नं नाक मुरडतीया. पयला मांजराची वाटी चुलीपास्नं भाईर सोप्यात काडली. मग पोरगी झाली तसं, मांजराचं क्यास लेकराच्या तोंडात जात्यात म्हनाय लागली. मी काय बोलले न्हाय. बरं, बोलले, पर मोठ्यानं न्हाय. चवदा वर्सं ज्या मांजरानं माझ्या पायाशी ऊब दिली तिनं कुटं जायाचं? मालक गेलं त्येला आठ वर्सं झाली. त्या दिसापास्नं घरात माझ्याजवळ कोन येऊन बसलं आसंल तर ही. पोरगा परिक्षेचं बगायचा, मग नोकरीचं, मग बायकूचं. चूक न्हाय त्येची, तरनं पोर. पर ठकी सांजंला सुपाशेजारी येऊन बसायची, मी वळत असले की माझ्या मांडीला पाट लावून. माझं बिड्या वळायचं थांबलं की मान वर करून बगायची, का थांबलीस म्हनून.

आनि मी काय तिची हेळसांड केली व्हय? दिवाळीनंतर तिला पिसवा झाल्या. म्हातारं मांजर अंग चाटून साफ करत न्हाय पयल्यावानी, मग पिसवा धरत्यात. रातभर खाजवायची. मग मी काय केलं, तंबाखू चाळल्यावर सुपाच्या बुडाला भुकटी उरती न्हवं, बारीक, नाकात गेली की शिंका काडनारी — ती तिच्या गोनपाटाखाली चांगली आतरली. वरनं तिच्या क्यासात चोळली, पोटाखाली, काखंत, शेपटीच्या बुडाला. आमच्या निपाणीत सगळी हेच करत्यात. कोंबड्यांच्या खुराड्यात टाकत्यात, शेळीला लावत्यात. एक पिसू ऱ्हात न्हाय. दर सोमवारी आनि शुक्रवारी, चुकवलं न्हाय मी कदी. माझ्या पोटाला फडकं बांदून वळत बसले तरी तिची भुकटी काडून ठेवली मी आधी. आता सांगा, हे काय जीव न लावल्याचं लक्षान हाय?

तर ह्या बयेनं काय केलं — ऐका. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी कारखान्यात गेलते, परत येते तर ठकीचा कोपरा मोकळा. गोनपाट भाईर झाडून उन्हात टाकल्यालं, जमीन शेनानं सारवल्याली, आनि मांजरी? मांजरीला अंगुळ घातलीया. कडत पानी आनि शिकेकाई लावून. डॉक्टर, तुमी शिकल्याली मानसं, मांजराला कुनी अंगुळ घातल्याली बगितलीसा का? ती वल्लीगच्च, चिमनीयेवडी झाल्याली, चुलीपाशी कुडकुडत बसल्याली. वर ह्या बयेच्या हातावर ओरखडं आनि तोंडावर हसू. म्हनती, आत्या, भुकटीनं लेकरू शिंकतंय, आता रांगतंय न्हवं, त्याच कोपऱ्यात जातंय सारकं, म्हनून काडलं. मी म्हनलं मांजराचा जीव घ्यायचा व्हता तर सरळ इहिरीत टाकायची हुतीस. ती हातावरचं ओरखडं धुवाय गेली. तीच तर तिची खोड, उत्तर द्यायचं न्हाय. भांडनारीन परवडली.

खाल्लं व्हय. त्या आठवड्यात खाल्लं म्हना जरासं. दोन येळा सुकट खाल्ली, एक येळ दूध प्याली, आनि लाळ बी थांबलती — पर ते काय, अंगुळीनं भेदरल्यालं मांजर, भेऊन खाल्लं आसंल. मला इचारलंसा म्हनून सांगितलं. मग मी परत तिची जागा लावून दिली, पयल्यापरास चांगली. आठ दिसांची भुकटी साचल्याली, दुप्पट आतरली, चोळली बी दुप्पट. हट्टानंच, लपवून काय करू. तिला दावाय पायजे हुतं की ह्या घरात कोन मोडतं आनि कोन मांडतं. आनि त्याच्याच तिसऱ्या दिशी ठकी पडली. उटंना. फेस गाळतीया, डोळ्याची बुबुळं मोठी झाल्याली. मग मी काय समजायचं? दुसरं कोन हुतं घरात?

मग मी बोलले. काय बोलले ते सोडा. — न्हाय, सांगते, डॉक्टरफुडं काय लाजायचं. लेकराची तब्बेत बी त्या टायमाला बरी नव्हती. दूध प्यालं की वकायचं, वजन धरंना, अंगनवाडीची बाई येऊन दोनदा बोलून गेलती. तर मी भरल्या घरात, मायाप्पा हुता, गुणाबाई हुती, तिच्या तोंडावर म्हनलं — तुज्या हातात इष हाय, मांजराला बी तूच मारतीस आनि पोटच्या लेकराला बी, तुज्या दुदात कस न्हाय. असं म्हनलं. त्या टायमाला मला लई बरोबर वाटलं. ती लेकराला पाजत हुती. पाजताना तिनं पदर वडून घितला, येवडंच. सकाळी उटून बगते तर पेटी बांदल्याली. मायाप्पा तिला बेळगावच्या गाडीत बसवून आला, तितनं फुडं जांबोटीची गाडी, आनि फुडं लेकरू काकंला मारून दोन मैल चालत. एकटी. नवरा सोबतीला चालला हुता तर नको म्हनाली, शाळा बुडंल म्हनाली.

आता तुमीच सांगा, मी चुकले का? चुकले आसंन बोलन्यात, पर मांजर तर खाईना झालंय न्हवं. ती गेली तरी खाईना, हे तुमी म्हननार, मला कळतंय तुमी काय म्हननार ते. तेच मला बी टोचतंय. मी म्हनते आधीचं आसंल अंगात मुरल्यालं. दीड म्हैना झाला, मी जागची उटले न्हाय तिच्यापास्नं, रोज चोळते, रोज झाडते, सोमवार-शुक्रवारवर बी ऱ्हायले न्हाय. जास्तच करते उलट. तरी दिसामाजी वाळत चाललीया. आनि मायाप्पाला तिकडनं चार ओळींचं पत्र आलं, त्येनं मोठ्यानं वाचलं, मला ऐकवायलाच वाचलं. लेकरू बरं हाय, वकायचं थांबलंय, गाल वर आल्यात, आजीला सांगा. आजीला सांगा म्हनं. मला वाटलं मुद्दाम टोचतीया, बग मी तुज्या घरातनं भाईर पडले आनि लेकरू सुदारलं. रागानं त्या दिशी मी जेवले न्हाय. तसं मी बी आताशा जेवत न्हाय म्हना. तोंडाला चव न्हाय. मगाशी खाते म्हनलं ते असंच बोलले. दोघी समोरासमोर बसतो, ती तिच्या वाटीकडं बगत, मी माझ्या ताटाकडं.

काय करतायसा? वास काय घेतायसा तिचा? तंबाखूचाच येनार, निपाणीत काय मोगऱ्याचा येनार व्हय. माझ्या बी लुगड्याला हाय, ह्या बाकड्याला बी आसंल. कापूस कशाला? — वल्ला करून घासा, घासा की. बगू. लालसर निघाला म्हना, काळपट. तंबाखूच हाय त्यो, घान न्हाय. पिवळी झाल्यात बोटं तुमची. काय म्हनताय? चाटती व्हय, मांजर अंग चाटनारच. थोडंच चाटती आता, पर चाटती. मग?

मग काय, बोला की. — न्हाय. न्हाय वो. कायतरी बोलू नगा. तंबाखूनं कसं हुईल? हिचा जल्म तंबाखूच्या बोदांत, भरल्याल्या पोत्यांत झालाय. आमचं मालक तीस वर्सं वखारीत हमाली करत हुतं, डोक्यावर बोद, नाकात भुकटी, त्येंना काय झालं? खोकून — व्हय, खोकूनच गेलं, पर ते खोकल्यानं गेलं, तंबाखूनं न्हवं. दोन येगळं हायत. येगळं हायत का न्हाय? मी सोळाव्या वर्सापास्नं वळतीया, मी हाय न्हवं जित्ती. बोदातला बांदल्याला तंबाखू येगळा आनि चाटून पोटात गेल्याली भुकटी येगळी म्हनता? तुमच्या बुकात आसंल. आमच्या हितं सगळी लावत्यात. कोंबड्या अंग चाटत न्हाईत, म्हनता. व्हय. कोंबडी कुटली चाटती.

थांबा जरा. मला मांडू द्या. दिवाळीला तीन किलो. भुकटी दिवाळीनंतर. बरं. शिमग्याच्या आदी अंगुळ, गोनपाट उन्हात, आठ दिस खाल्लं. बरं. परत चोळली, दुप्पट, आनि तिसऱ्या दिशी पडली. आनि ती जांबोटीला गेल्यावर मी रोज — रोज चोळतीया. सकाळी बी चोळली, तुमच्याकडं आनायचीय, डॉक्टरफुडं पिसवांची मांजरी कशी न्यायची म्हनून.

कागद ऱ्हाऊ द्या वो. लिवू नगा. मला कळलं. काय करायचं ते सांगा, करते. अंगुळ घालायची? कडत पान्यानं, शिकेकाई नको, नुस्त्या पान्यानं — बरं. गोनपाट जाळायचं. हात धुवून घालायचं खायाला. जगंल का? मूत्रपिंडाचं बी आसंल म्हनता, वय झालंय. बगू म्हनता. बगू म्हंजे काय ते मला कळतंय, मालकांच्या टायमाला बी डॉक्टर बगूच म्हनला हुता. पर खाईल न्हवं आठ-धा दिस? नुस्तं खाल्लं तरी मला पुरे. जाताना पोट भरल्यालं आसावं तिचं, येवडंच.

आनि एक इचारू का. तुमी जनावरांचं डॉक्टर, मला ठावं हाय, तरी इचारते. रांगनारं लेकरू आसलं — तिथंच गोनपाटाशेजारी रांगनारं — आनि हात तोंडात घालनारं. सगळीच घालत्यात, दात येताना. त्येला —

बोला की. मगाधरनं मी बोलतीया, आता बोला तुमी.

व्हय म्हनून मान हलवू नगा नुस्ती.

ती सांगत हुती मला. शिंकतंय म्हनत हुती. मी तिला म्हनलं तुज्या दुदात कस न्हाय. आनि ते लेकरू माझ्या हातनं — मी त्याच हातानं त्येचं तोंड पुसायचे, डॉक्टर, सुपावरनं उटून, त्याच हातानं. वकलं की त्याच हातानं पुसायचे. किती बरं झालं गेली ती. बरं झालं मी हाकलून दिली तिला, न्हायतर लेकरू आज — तिनं नेलं म्हनून ऱ्हायलं ते. मी तिला काय त्वांड दावू? सासूनं सुनंचं पाय धरल्यालं आमच्यात कुनी बगितलं न्हाय आजवर. धरीन म्हना. धरीन, पर आधी मायाप्पाला कळाय पायजे, त्यो नेल मला जांबोटीला, मला एकटीला वाट ठावं न्हाय. आनि माझ्या तोंडानं त्येला सांगायचं मला जमत न्हाय.

भाईर हाय त्यो, फाटकापाशी, सायकल धरून. मीच आनलाय त्येला कागद वाचायला. तुमी सांगा त्येला. सगळं सांगा, मांजराचं बी आनि लेकराचं बी, कायबी झाकू नगा. फकस्त कन्नडात सांगा. मला कन्नड येतंय वो, कारखान्यात निम्म्या बाया तेच बोलत्यात, अक्षर न अक्षर कळतंय. तरी बी कन्नडात सांगा. आमच्या भाषेत माझ्याफुडं नगा सांगू.

मायाप्पा — ये रं आत. डॉक्टर बोलवत्यात तुला. माझ्याकडं बगू नगस, त्येंच्याकडं बग.